केसाएवढ्या रेघा

सोमवार, ४ तारीख

ही डायरी मामाच्या प्रेसमधली. बांधताना तिच्यात मार्च दोनदा आला आणि एप्रिल आलाच नाही, म्हणून गिऱ्हाइकानं परत केली. मामा म्हणाला, "घे मुंगे. तोंडानं बोलत नाहीस तर हातानं तरी बोल."

मला सगळे मुंगीच म्हणतात. मी नववीत शाळा सोडली. उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की घसा बंद व्हायचा. बाई "वाच" म्हणायच्या, पोरं हसायची आणि मी तशीच उभी. मग एक दिवस गेलेच नाही. आई खूप बोलली, मग रडली, मग मामानं मला प्रेसमध्ये कॉम्प्युटरपुढे बसवलं. अक्षरं लावायला बोलावं लागत नाही. फोन वाजला की मात्र अजून भीती वाटते. मी उचलत नाही, इंजिनकाका उचलतात. काका मशीन चालवतात आणि दिवसभर नाकातून घूं घूं गुणगुणतात, म्हणून इंजिन.

आज एका नव्या गिऱ्हाइकासाठी मामानं नवीन फॉन्ट आणला. मी उघडला आणि बघतच राहिले. उभ्या रेघा जाड, काळ्याभोर. आडव्या रेघा केसाएवढ्या. मधलं काही नाहीच. प्रत्येक अक्षराच्या पायाखाली एक बारीक सरळ पट्टी, जशी एखादी बाई काचेच्या फळीवर ताठ उभी आहे. त्या पट्टीला सेरिफ म्हणतात असं मामा म्हणाला. मी फॉन्टचं नाव ठेवलं उंच टाचा.

काका मागून वाकून म्हणाले, "देखणी आहे. पण नखरे फार. गुळगुळीत जमीन लागते, मोकळी जागा लागते. मोठी ठेवलीस तर राणी. बारीक केलीस की टाच मोडली समज."

बुधवार, ६ तारीख

गिऱ्हाईक आलं. बाळांच्या पोटदुखीवर थेंब बनवणाऱ्या बाई आहेत. स्वतःचा छोटा कारखाना आहे त्यांचा. मी मनात त्यांना थेंबवाली म्हणते. त्यांनी आधीची डबी टेबलावर आपटली. पिवळी, तिच्यावर एक रडणारं बाळ.

"ही बघा. रडक्या बाळाचं औषध म्हणून डबीपण रडकी! मला अत्तरासारखी हवी. आईनं कपाटात लपवायची नाही, वर मांडायची."

मामा म्हणाला, "मॅडम, अशी करतो की बाळ सोडून बापच थेंब पिईल."

बाई हसल्या. मग ठरलं. गडद निळी डबी, तिच्यावर पांढरी अक्षरं, सगळी उंच टाचांची. मागच्या बाजूला चित्रं. थेंबाचं चित्र आणि शेजारी इंग्रजी 2. घड्याळाचं चित्र आणि शेजारी इंग्रजी 4. म्हणजे दर चार तासांनी दोन थेंब. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. ही युक्ती मला फार आवडली. माझ्यासारख्या घाबरटाला दुकानदाराला काही विचारावं लागणार नाही.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "मागची अक्षरं बारीक आहेत. तिथेही हाच फॉन्ट चालेल ना गं? दोन तऱ्हा नकोत मला. अंगात कोट आणि पायात तुटक्या चपला, तसं दिसतं."

माझ्याकडे वाक्य तयार होतं. मागे साधा फॉन्ट लावू या. पाढ्यासारखं पाठ होतं. ते घशापर्यंत आलं. मामा माझ्याकडे बघत होता, बाई बघत होत्या, काकांचं घूं घूं थांबलं होतं.

मी मान हलवली. चालेल.

शनिवार, ९ तारीख

प्रूफ झालं. गुळगुळीत पुठ्ठ्यावर, काचेसारख्या. मी मागची बाजू डोळ्याला लावून बघितली. 4 दिसतोय. म्हणजे त्याचा उभा दांडा मजबूत, आणि तिरकी रेघ आणि आडवी रेघ कोळ्याच्या धाग्यासारख्या, पण आहेत. मी दहा वेळा बघितलं. थेंबवाल्या बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "मुली, हात सोन्याचा आहे तुझा." मी पळत मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आता मला उंच टाचा सगळीकडे दिसायला लागल्यात. दागिन्यांच्या दुकानावर. मासिकाच्या नावात. त्या मोठ्या हॉटेलच्या दारावर, जिथून जाताना मी पलीकडच्या फूटपाथवर जाते. जिथे श्रीमंत माणसं हळू आवाजात बोलतात तिथे ही असते. रिक्षाच्या मागे किंवा "येथे कचरा टाकू नये" अशा पाटीवर कधी नसते. ओरडायला ती कामाचीच नाही. म्हणूनच मला ती आवडत असेल.

मंगळवार, १२ तारीख

आज छपाई. सकाळी पुठ्ठ्याचे गठ्ठे आले. मी हात फिरवला तर खरखरीत लागले. चुकून दुसऱ्याचा माल आला वाटतं, असं मला वाटलं. मागे काकांचं आणि मामाचं काहीतरी चाललं होतं.

"हा शाई पितो रे."

"पिऊ दे. निळं अजून गडद दिसेल."

"बाईंना विचारलंस?"

"बाईंना निळं कळतं, पुठ्ठा नाही कळत. तू मशीन चालव ना बाबा."

मग मामानं मला बघितलं. "मुंगे, तू घरी जा आज. डोळे बघ कसे लाल झालेत. दोन दिवस आराम कर."

मामाला माझं किती कळतं. मी काही म्हटलंही नव्हतं.

शुक्रवार, १५ तारीख

मामा मला घेऊन ताईकडे गेला. ताईचं बाळ तीन महिन्यांचं आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. संध्याकाळ झाली की सुरू होतो ते भावजी घराबाहेर पळेपर्यंत. भावजी म्हणतात, "खालच्या मजल्यावरचे आता घड्याळ बघत नाहीत, आपलं पोरगं ऐकतात."

थेंबवाल्या बाईंनी मामाला पहिल्या मालातल्या काही डब्या भेट दिल्यात. त्यातली एक मामानं ताईच्या हातात ठेवली. "घे. तुझ्या बहिणीनं केलीय. बाळाला दे आणि झोप काढ. काय अवतार झालाय तुझा!"

ताईनं डबी आरशापुढे मांडली. निळी, ताठ, पांढऱ्या अक्षरांची. "मुंगे, हे तू केलंस? खरंच?" तिनं माझा गालगुच्चा घेतला. मी मागची बाजू बघितली नाही. छापून झालेलं मी कधीच बघत नाही. चूक सापडली तर काय, अशी भीती वाटते.

रविवार, १७ तारीख

ताईचा आईला फोन. आईनं स्पीकर लावला.

"आई, भोंगा बंद! काल संध्याकाळी रडलाच नाही. मी चक्क आंघोळ केली डोक्यावरून."

आई म्हणाली, "नजर लावू नकोस गं बाई स्वतःचीच."

मला इतका आनंद झाला. माझ्या डबीतलं औषध. आज पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी कामाची आहे.

सोमवार, १८ तारीख

ताई म्हणते आता दूध पितानासुद्धा मध्येच झोपतो. भावजी म्हणाले, "गुणी झालं पोरगं, मावशीवर गेलं." सगळे हसले. मी पण हसले. तरी माझ्या हातांना दुपारपासून घाम येतोय. कशाचा ते कळत नाही. मला तशीही कशाचीही भीती वाटते, लिफ्टची, कुत्र्यांची. तसंच असेल.

बुधवार, २० तारीख

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल दुपारी आईनं मला ताईकडे पाठवलं. बाळ पाळण्यात. मी बोट त्याच्या मुठीत दिलं. एरवी असं घट्ट धरतो की सोडवावं लागतं. मूठ उघडीच राहिली.

ताई केस विंचरत होती. घड्याळाकडे बघून म्हणाली, "थांब हं, थेंबांची वेळ झाली."

मी म्हटलं, "मघाशी मी आले तेव्हा दिलेस ना?"

"अगं तासातासाला आहेत. डबीवरच आहे. घड्याळ काढलंयस की तूच."

मी डबी उचलली, मागची बाजू फिरवली. घड्याळ होतं. शेजारी 1 होता.

एक. उभा जाड दांडा. मी खिडकीपाशी नेली. तिरकी रेघ नाही, आडवी रेघ नाही. निळ्या शाईनं दोन्ही गिळून टाकल्या होत्या. नुसता दांडा उरला होता, ताठ, सुंदर. कोणीही एकच म्हणेल. मीसुद्धा.

मला "ताई" म्हणायचं होतं. आवाज आला नाही. शाळेतल्यासारखंच झालं, ओठ हलले आणि आत काही नाही. मी बाळाला उचललं. त्याची मान माझ्या हातावरून अशी मागे गेली, ओल्या टॉवेलसारखी. तेव्हा मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. ताईच्या हातातून थेंबांची बाटली पडली.

रिक्षात ताई त्याच्या तळपायांना चोळत होती आणि "ऊठ रे, रड रे, रड ना राजा" म्हणत होती. दवाखान्यात त्याला आत नेलं. दार बंद झालं. मी भिंतीला टेकून उभी. देवाला काय म्हणायचं तेही सुचेना.

संध्याकाळी तो रडला. दारातून ऐकू आलं. बारीक, चिडका आवाज. ताई खालीच बसली.

गुरुवार, २१ तारीख

बाळ ठीक आहे, पण डॉक्टर सोडत नाहीत, दोन दिवस बघणार. डॉक्टर ताईवर चिडले. "हे औषध चार तासांनी द्यायचं. तुम्ही तासाला देत होता? शिकलेल्या दिसता."

ताई म्हणाली, "डबीवर तसंच लिहिलंय."

भावजींनी बाटलीबरोबर आलेला आतला कागद काढला. तो दुसरीकडे छापलाय, साध्या अक्षरात. त्यावर स्वच्छ 4 होता. भावजी म्हणाले, "डबी आण. बघू कुठे लिहिलंय."

घरी जाऊन शोधली. डबी नाही.

कारण ती मामाकडे आहे. धावपळीत ती माझ्याबरोबरच दवाखान्यात आली होती. मामा परवा संध्याकाळी दवाखान्यात आला तेव्हा मी त्याला कोपऱ्यात नेऊन दाखवली होती. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ती खिशात घातली. म्हणाला, "मुंगे, हे कुणाला बोलू नकोस. फॉन्ट कुणी लावला? तू. मान कुणी हलवली? तू. पोलीस तुलाच विचारतील. मी आहे ना. मी बघतो."

मामा माझ्यासाठी एवढं करतो. मी चुका करायच्या आणि त्यानं निस्तरायच्या.

शुक्रवार, २२ तारीख

रात्रभर वाटत होतं दार वाजतंय. सकाळी प्रेसमध्ये गेले तर मामा उरलेले पुठ्ठे कापायच्या मशीनमध्ये घालत होता, बारीक तुकडे. मला बघून म्हणाला, "तुझं नाव राहायला नको कुठे." काका माझ्याकडे बघत नव्हते. गुणगुणतही नव्हते.

मी सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "दुकानातल्या डब्या?"

"बाईंशी बोलतो मी. योग्य वेळ बघून. सगळ्या आया काय डबी बघून औषध देतात? डॉक्टरला विचारतात. तू नको जीव घाबरा करून घेऊस. हे घे." त्यानं मला नवा पेनसेट दिला. मखमलीच्या डबीतला.

सगळ्या आया विचारत नाहीत. ताईनं नाही विचारलं. विचारावं लागू नये म्हणूनच तर चित्रं काढली होती.

शनिवार, २३ तारीख

बाळ घरी आलं. ताईच्या सासूबाई आल्यात. त्या वाईट नाहीत, पण बाळ त्यांच्याच मांडीवर असतं. ताई लांब खुर्चीत.

मी खुणेनं विचारलं, घेत का नाहीस?

ताई हळू आवाजात म्हणाली, "मला भीती वाटते गं. मी स्वतःच्या डोळ्यांनी एक वाचलं. आता सगळे म्हणतात चार होता, कागदावरही चार आहे. म्हणजे मला दिसलंच कसं? झोप नव्हती म्हणून? मग उद्या दुसरं काही दिसेल. मी त्याला आंघोळ घालताना काही चुकले तर? मला माझीच खात्री नाही राहिली, मुंगे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, दुपट्याची घडी दे. तिथूनच दे."

ताईनं तिथूनच दिली.

मी घरी आले. जेवले नाही. मी बोलले तर पोलीस येतील, आईचं काय होईल, मामाची प्रेस बुडेल. मामानं एवढं लपवलं माझ्यासाठी आणि मी त्याला तोंडघशी पाडणार. मी नाही बोलले तर ताई त्या खुर्चीतून उठणार नाही. आणि कुठेतरी कुणीतरी आई आत्ता घड्याळाकडे बघत असेल.

दोन्हीकडून भीतीच. मी पहिल्यांदाच भीती हातात घेऊन बघितली, कुठली जड आहे.

सोमवार, २५ तारीख

आज केलं.

चौकातल्या औषधाच्या दुकानात गेले. निळ्या डब्या काउंटरवरच, मनोरा करून ठेवलेल्या. लांबून काय सुंदर दिसतात. मी ठरवलं होतं की एक विकत घ्यायची, ताईला दाखवायची, बोलायचं काही नाही. माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर बाळ. तिनं मनोऱ्यातली एक उचलली. "ही कशी आहे हो? माझी रात्रभर किरकिर करते."

दुकानदार म्हणाला, "नवीन आहे. चांगला खप आहे. मागे चित्र दिलंय बघा, डोकं चालवायलाच नको."

बाईनं डबी उलटी केली. ओठ हलवून वाचलं. "तासाला दोन."

"घेऊ नका," मी म्हटलं.

दोघं वळले. बाळसुद्धा वळलं. घसा बंद होत होता, मला कळत होतं, दार लागत येतं तसा. मी काउंटरची कड धरली. "तो एक नाही. चार आहे. रेघा पुसल्यात. माझा भाचा दवाखान्यात होता."

दुकानदार म्हणाला, "ए पोरी, कोण तू? कुणी पाठवलं तुला?"

"मी ही डबी केलीय."

माझं बोलणं कुणी मध्येच तोडलं नाही, म्हणून मी बोलत राहिले. थेंबाच्या शेजारचा 2 का वाचला आणि 4 का बुडाला, तेही सांगितलं. दोनाला जाड अंग आहे, चाराची सगळी ओळख केसाएवढ्या रेघांवर. त्या बाईनं डबी विंचू ठेवावा तशी खाली ठेवली. दुकानदारानं डबीतला कागद काढला, चष्मा लावून दोन्ही बघितलं, आणि मनोरा एका हातानं काउंटरखाली घेतला. मग थेंबवाल्या बाईंना फोन लावून फोन माझ्या हातात दिला.

मी फोन धरला. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी दुकानात. सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण प्रूफवर तर दिसत होता. मी सही केलीय."

मी म्हटलं, "हो. प्रूफ गुळगुळीत पुठ्ठ्यावर होतं. छापलं ते खरखरीतवर. पण चूक माझीच आहे, मी मान हलवली होती. मामाला काही बोलू नका. तो फक्त मला वाचवत होता."

"खरखरीतवर?" बाई हळूच म्हणाल्या.

मग बाईंनी विचारलं, "तू आत्ता कुठे आहेस? एकटी आहेस का?" आवाज रागावलेला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, डब्या परत मागवते, आत्ताच माणूस पाठवते, पण गावभर पोचायला संध्याकाळ होईल.

तिथून ताईकडे. डबी आणि आतला कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिनं दोन्ही शेजारी धरून बघितलं. मग सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिली, डबी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाली, "वाचा." त्यांनी वाचलं. "एक," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाळ उचलून तिच्याकडे दिलं. भावजी माझ्याकडे बघत होते. मी थांबले नाही. जिन्यातच मामाचा फोन आला, मी घेतला नाही. परत आला. परत आला.

आता स्टेशनकडच्या मोठ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितेय. काचेतून निळा मनोरा दिसतोय. बाईंचा माणूस अजून आलेला नाही. आत बरीच गिऱ्हाइकं आहेत, एकीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी आहे. एवढ्या लोकांसमोर मला जमणार नाही. गर्दी जरा कमी झाली की जाईन.

नको. आत्ताच जाते.